किरणामागचा सेल

काळ्या कागदावर निळ्या लेझरचा ठिपका स्थिर धरला, की बघता बघता धूर निघतो. आगकाडीचं टोक पेटतं, काळा फुगा फट्कन फुटतो. एवढा प्रताप करणारं उपकरण म्हणजे वीतभर लांबीची ॲल्युमिनिअमची नळी. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात तारे दाखवायला जो हिरवा पॉइंटर वापरतात, तो पाच मिलिवॉटच्या आतला असणं अपेक्षित असतं. ही नळी एक हजार मिलिवॉटची, म्हणजे त्याच्या दोनशेपट.

असे लेझर हौशी लोकांच्या हातात आले ते २०१०च्या सुमारास. कॅसिओ कंपनीने पाऱ्याच्या दिव्याऐवजी निळे लेझर डायोड वापरणारे प्रोजेक्टर बाजारात आणले होते. एकेका प्रोजेक्टरमध्ये असे दोन डझन डायोड असत. हौशी मंडळींनी प्रोजेक्टर खोलून ते काढले, नळ्यांमध्ये बसवले. पाठोपाठ तयार लेझरही विकायला आले. ते घेणारा माणूस तरंगलांबी विचारतो, भिंग काचेचं की प्लॅस्टिकचं ते विचारतो, ड्रायव्हर सर्किटचीही चौकशी करतो. सेल मात्र सोबत फुकट आलेला किंवा बाजारात सगळ्यांत स्वस्त मिळालेला घालतो. मग किरण दहा मिनिटांत मंद पडतो किंवा बटण दाबताच लुकलुकून विझतो, आणि दोष डायोडला दिला जातो. हे झालं नुसतं नुकसान. वाईट सेल बंद नळीत फुटला, तर ती हातातच फुटते.

म्हणून सेल हा लेझरचा सुटा भाग न मानता डायोडइतक्याच चोखंदळपणे घ्यायचा असतो. तो कसा पारखायचा, हे पाहू.

लेझरला किती वीज लागते?

सेल निवडण्याआधी लेझर काय मागतो ते कळायला हवं. लाल डायोडला साधारण सव्वादोन ते पावणेतीन व्होल्ट पुरतात. जुन्या पद्धतीच्या हिरव्या लेझरमध्ये ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त डायोड स्फटिकांना चेतवतो आणि त्यातून हिरवा किरण निघतो. तो अवरक्त डायोडही दोन व्होल्टच्या आसपासच चालतो. या दोघांना एक लिथियम-आयन सेल सहज पुरतो, कारण तो पूर्ण भरलेला असताना ४.२ व्होल्ट, बराच काळ ३.६ ते ३.७ व्होल्ट आणि अगदी शेवटी तीनच्या आसपास व्होल्ट देतो.

निळ्या डायोडची गोष्ट वेगळी. त्याला साडेचार व्होल्टच्या घरात दाब लागतो. एका सेलचा दाब त्याहून कमी, म्हणून ड्रायव्हरला, म्हणजे सेल आणि डायोड यांच्यामधल्या सर्किटला, तो चढवून द्यावा लागतो. आता हिशोब करू. एक वॉट प्रकाश हवा असेल, तर निळा डायोड सुमारे एक अँपिअर प्रवाह घेतो. साडेचार व्होल्ट गुणिले एक अँपिअर म्हणजे साडेचार वॉट. ड्रायव्हर स्वतः दहा-पंधरा टक्के खातो. म्हणजे सेलवर पाच वॉटहून थोडा जास्त भार येतो. सेल ३.७ व्होल्टवर असताना त्यासाठी १.४ अँपिअर लागतात, तो ३.२ व्होल्टवर उतरला की तेवढ्याच कामासाठी १.६ अँपिअर लागतात. दाब घटला की ड्रायव्हर जास्त प्रवाह ओढतो, आणि जास्त प्रवाह ओढला की दाब आणखी घटतो. दुबळा सेल या चक्रात काही मिनिटांतच मान टाकतो.

सहा-सात वॉटच्या मोठ्या निळ्या डायोडला साडेचार अँपिअर लागतात. तिथे सेलवर वीस वॉटच्या वर भार पडतो. एकाच सेलवर तो भागवायचा, तर सहा-सात अँपिअर ओढावे लागतात. दोन सेल एकामागे एक जोडले तर प्रत्येकातून साधारण तीन.

लेझरच्या माहितीपत्रकात हा आकडा नसेल, तर मल्टिमीटरवर पाहता येतो. मागचं झाकण काढायचं, मीटर दहा अँपिअरच्या पट्टीवर ठेवायचा, एक काडी सेलच्या मागच्या टोकाला आणि दुसरी नळीच्या उघड्या धातूला लावायची. रंग दिलेल्या भागावर काडी टेकवली तर मीटर काही दाखवत नाही. आट्यांची उघडी कड शोधावी लागते. लेझर शिकंज्यात बांधलेला, तोंड विटेकडे आणि डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा चष्मा, एवढी तयारी झाल्याशिवाय ही मोजणी करू नये.

१८६५० या आकड्यात काय आहे?

हातात धरायच्या लेझरमध्ये सर्वाधिक वापरला जाणारा सेल १८६५० या मापाचा असतो. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार नळकांड्याचा. हीच रीत इतरांनाही लागू: १६३४० आखूड, १४५०० पेन्सिल सेलएवढा, २१७०० आणि २६६५० जाडजूड. पैकी १४५००ची वेगळी काळजी घ्यायला हवी. तो दिसायला घड्याळातल्या पेन्सिल सेलसारखाच असतो, पण दाब दीडऐवजी ३.७ व्होल्ट. घरात तो पेन्सिल सेलच्या डब्यात गेला, की रिमोटची किंवा खेळण्याची वाट लागलीच म्हणून समजा.

मापाच्या आधी येणारी अक्षरंही वाचायची असतात. आयसीआर म्हणजे कोबाल्टवर आधारलेला, आयएमआर म्हणजे मँगेनीजचा, आयएनआर म्हणजे निकेलच्या मिश्रणाचा आणि आयएफआर म्हणजे लोह-फॉस्फेटचा. जुने कोबाल्टवाले सेल जास्त वीज साठवतात, पण गैरवापर झाला तर लवकर पेट घेतात. मँगेनीजचे सेल तापमान बऱ्यापैकी सोसतात, साठा मात्र कमी. आजचे बहुतेक चांगले सेल निकेलच्या मिश्रणाचे असतात आणि दोन्ही गुणांचा मेळ घालतात. लोह-फॉस्फेटचा सेल सर्वांत शांत स्वभावाचा, पण त्याचा दाब ३.२ व्होल्टच असतो आणि तो भरायचाही ३.६५ व्होल्टपर्यंतच. ३.७ व्होल्टसाठी बनवलेल्या लेझरमध्ये तो घातला तर किरण फिका पडतो, आणि साध्या लिथियम चार्जरवर लावला तर सेलवर जुलूम होतो.

साठा मोठा की प्रवाह मोठा?

दुकानदार एकच आकडा ओरडून सांगतो: मिलिअँपिअर-तास. हा सेलचा साठा. त्याशेजारी दुसरा आकडा असायला हवा: सेल सतत किती अँपिअर देऊ शकतो. घागर कितीही मोठी असली तरी तिच्या चिंचोळ्या तोंडातून पाणी गळगळत येतं. बादली लहान असली तरी उपडी केली की एकदम रिकामी होते. सेलमध्येही कारागिरी तशीच आहे. इलेक्ट्रोडचा थर जाड केला की साठा वाढतो, पण आयनांची वाट लांबते आणि प्रवाह मंदावतो. थर पातळ केला की प्रवाह जोरात, साठा कमी.

नामांकित कारखान्यांचे आकडे हेच सांगतात. पॅनासॉनिकच्या एनसीआर१८६५०बी या सेलचा साठा ३४०० मिलिअँपिअर-तास, पण सततचा प्रवाह पाच-सात अँपिअरच्या घरात. सॅमसंगचा ३५ई ३५०० मिलिअँपिअर-तासांचा आणि आठ अँपिअरचा. एलजीचा एमजे१ तेवढ्याच साठ्याचा आणि दहा अँपिअरचा. सॅमसंगचाच ३०क्यू ३००० साठ्याचा आणि १५ अँपिअरचा, तर २५आर २५०० साठ्याचा आणि २० अँपिअरचा.

लेझरसाठी यातला कोणता घ्यावा? एक-दोन वॉटच्या, एकाच सेलच्या लेझरला ३५०० साठ्याचा, आठ-दहा अँपिअरचा सेल उत्तम. पाच-सहा वॉटच्या लेझरला ३०क्यू किंवा त्या तोडीचा सेल हवा, कारण सहा-सात अँपिअरवर काठोकाठ चालणारा सेल तापतो आणि लवकर म्हातारा होतो. जो प्रवाह लागतो त्याच्या निदान दुप्पट प्रवाह देण्याची ताकद सेलमध्ये असावी, असा सोपा नियम धरावा. साठ्याचा विचार त्यानंतर. हे लेझर तसेही सलग तासभर चालवायचे नसतात. डायोड तापतो म्हणून उत्पादक स्वतःच काही सेकंद ते एखादा मिनिट चालू आणि तेवढाच वेळ बंद, असं वेळापत्रक देतात. एका १८६५०मध्ये बारा वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा असते. एक वॉटच्या लेझरला ती थांबत थांबत वापरताना सगळी संध्याकाळ पुरते.

सेल किती सशक्त आहे हे ओळखायचं तर त्याचा अंतर्गत रोध पाहावा. चांगल्या नव्या १८६५०चा रोध वीस ते पन्नास मिलिओहमच्या दरम्यान असतो. निकृष्ट किंवा थकलेल्या सेलचा तो दीडशे-दोनशेपर्यंत जातो. पाच अँपिअर ओढले की दोनशे मिलिओहमवर एक संपूर्ण व्होल्ट सेलच्या आतच जिरतो आणि त्याची उष्णता होते. बरेच चांगले चार्जर हा रोध पडद्यावर दाखवतात.

९९०० मिलिअँपिअर-तासांचा चमत्कार

आजवर १८६५०च्या नळकांड्यात कोणत्याही नामांकित कारखान्याने साधारण ३६०० मिलिअँपिअर-तासांपेक्षा जास्त साठा बसवून बाजारात आणलेला नाही. तेवढ्या जागेत तेवढंच रसायन मावतं. तरीही वेष्टनावर ५८००, ६८००, ९९०० असे आकडे छापलेले सेल सर्रास विकले जातात. ते भरून-रिकामे करून मोजले तर पुष्कळदा हजार-बाराशेही निघत नाहीत. आकडा चार हजारांच्या वर दिसला, की पुढचं काही वाचायची गरज नाही. सेल परत ठेवावा.

हे सेल येतात कुठून? काही लॅपटॉपच्या टाकाऊ पॅकमधून काढलेले असतात आणि त्यांना नवं रंगीत वेष्टन चढवलेलं असतं. काही कारखान्याच्या तपासणीत नापास झालेले असतात. काहींच्या डब्यात छोटाच सेल घालून उरलेली जागा पांढऱ्या पुडीने भरलेली सापडली आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की ऑनलाइन बाजार, एकाच ठिकाणी अस्सल माल आणि नकली माल शेजारी शेजारी मिळतो. ठिकाणावरून पारख होत नाही.

पारख तराजूवर होते. अस्सल १८६५० साधारण ४४ ते ४९ ग्रॅमचा असतो. पस्तीस ग्रॅमच्या खाली काटा थांबला, तर आत काहीतरी गायब आहे. वजन बरोबर भरलं म्हणजे सेल खरा, असं मात्र नाही. थकलेला सेलही तेवढाच भरतो. म्हणून पुढे धन टोक निरखावं. कारखान्यातून आलेल्या सेलच्या टोकावर वाफ जाण्यासाठी कापलेल्या खिडक्या एकसारख्या असतात, भोवतीची चकती नीट बसलेली असते, आणि टोकांवर वितळजोडणीचे म्हणजे स्पॉट वेल्डिंगचे टिपके नसतात. असे टिपके किंवा ते घासून काढल्याचे ओरखडे दिसले, तर तो सेल आधी एखाद्या पॅकमध्ये नांदून आलेला आहे. मूळ वेष्टनाखाली पत्र्यावर छापलेला क्रमांकही असतो. पारदर्शक किंवा पातळ वेष्टनातून तो वाचता येतो, आणि त्यावरून सेलची खरी जात कळते.

तिसरी चाचणी चार्जरवर. साठा मोजणाऱ्या चार्जरमध्ये सेल पूर्ण भरून पूर्ण रिकामा करावा. छापील आकड्याच्या नव्वद टक्क्यांपेक्षा कमी साठा निघाला तर नवा सेल परत करावा. भरलेला सेल आठवडाभर तसाच ठेवून पुन्हा दाब मोजावा. ४.२ व्होल्टवरून तो ४.१५च्या वर टिकला तर ठीक. चारच्या खाली गेला तर आत गळती आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस १६०४६च्या दुसऱ्या भागात लिथियम सेलची मानकं आहेत. नोंदणी असलेल्या मालावर मानकचिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो, आणि तो ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो. दुकानदाराला हा क्रमांक विचारायला लाजू नये.

कारखान्याचं नाव का पाहायचं?

लिथियम-आयन सेल सोनीने १९९१ साली बाजारात आणला. त्यामागचं संशोधन करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण या रसायनाचा स्वभाव पहिल्यापासून तापट. १९८९ साली कॅनडातल्या मोली एनर्जी कंपनीचे धातुरूप लिथियमचे सेल जपानमध्ये मोबाइल फोनमध्ये पेटले आणि ते परत मागवावे लागले. खुद्द सोनीच्या सेलमध्ये २००६ साली दोष निघाला. उत्पादनाच्या वेळी धातूचे सूक्ष्म कण आत शिरले होते. त्या वर्षी एकट्या डेलने ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या.

जगातल्या सर्वांत काटेकोर कारखान्यात धातूचा एक कण सेल पेटवायला पुरतो. मग तपासणीत नापास झालेल्या किंवा पत्ताच नसलेल्या कारखान्याच्या सेलवर किती विश्वास ठेवायचा, ते वाचकाने ठरवावं. आज भरवसा ठेवावा अशी नावं थोडी आहेत: पॅनासॉनिक आणि त्याच्यात विलीन झालेली सान्यो, सॅमसंग, एलजी, सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७मध्ये घेतलेली मुराता, आणि तैवानची मोलिसेल. ही मोलिसेल त्याच कॅनडाच्या मोलीची वारस आहे. धडा शिकलेला कारखाना चाळीस-पंचेचाळीस अँपिअरचे सेल बनवतो. टॉर्च बनवणाऱ्या काही चांगल्या कंपन्या याच कारखान्यांचे सेल घेतात, त्यांना संरक्षक सर्किट जोडतात आणि स्वतःच्या नावाने विकतात. तो सौदाही उत्तम, पण आत कोणता सेल आहे हे त्या कंपनीने स्पष्ट लिहिलेलं असावं.

या बाबतीत एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. मोठे कारखाने सुटे १८६५० सामान्य ग्राहकांसाठी बनवतच नाहीत. ते लॅपटॉप, सायकली, अवजारं यांच्या पॅकसाठी बनतात, जिथे प्रत्येक सेलवर सर्किटची नजर असते. अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१मध्ये सुटे १८६५० विकत घेऊ नका, असा इशारा दिला तो यामुळेच. उघड्या सेलच्या टोकांमध्ये किल्ल्या किंवा नाणी अडकली की तो पेटतो. म्हणून लेझरसाठी पहिली पसंती संरक्षक सर्किट असलेल्या सेलला.

रक्षक चकती आणि लांबीची भानगड

संरक्षित सेलच्या ऋण टोकाला एक गोल इवलीशी सर्किटची चकती असते. तिच्यावर एक नियंत्रक चिप आणि दोन मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, असतात. धन टोकापासून त्या चकतीपर्यंत निकेलची पातळ पट्टी वेष्टनाखालून येते. सेलवरून बोट फिरवलं तर ती उंचवट्यासारखी लागते; सेल खरोखर संरक्षित आहे की नुसतं तसं छापलंय, हे बोटाने कळतं. दाब ४.२५ ते ४.३५ व्होल्टच्या वर गेला, अडीच व्होल्टच्या आसपास उतरला किंवा प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की चकती सेल तोडून टाकते.

या चकतीमुळे सेलची लांबी ६५वरून ६८ ते ७० मिलिमीटर होते. काही लेझरमध्ये तो बसत नाही. बळेच झाकण आवळलं तर स्प्रिंग चकतीवर दाबली जाते आणि सर्किट तुटतं. उलट काही लेझरमध्ये सपाट टोकाचा सेल पुढच्या संपर्काला पोचतच नाही, तिथे बटणासारखं उठावदार टोक लागतं. माप आणि टोक दोन्ही विकत घेण्याआधी तपासावीत. चकतीची प्रवाहमर्यादा लेझरच्या गरजेपेक्षा कमी असेल, तर बटण दाबताच लेझर क्षणभर चमकून विझतो. हे दुखणं सेलचं नाही, रक्षकाचं आहे. जास्त मर्यादेचा सेल घ्यावा.

लेझर उत्पादकाने स्पष्टपणे असंरक्षित सेलच मागितला असेल, तर ड्रायव्हर तीन व्होल्टच्या आसपास आपोआप थांबतो का, हे विचारून घ्यावं. अडीच व्होल्टच्या फार खाली गेलेल्या सेलमध्ये तांब्याची पत्री विरघळू लागते आणि पुन्हा भरताना तेच तांबं आत शॉर्ट घडवतं. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल भरण्याचा मोह टाळावा. त्याचा काळ संपला.

दोन सेल एकामागे एक लागणाऱ्या लेझरमध्ये जोडी सख्खी हवी: एकाच जातीचे, एकाच दिवशी घेतलेले, एकत्रच भरलेले आणि एकत्रच वापरलेले. एक नवा आणि एक जुना घातला, तर जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याला उलट्या दिशेने भरू लागतो. रबरी कड्यांनी बंद केलेल्या नळीत सेलमधला वायू बाहेर पडायला जागा नसते, आणि ती फुटते. न भरता येणारे ३ व्होल्टचे सीआर१२३ए सेल आणि भरता येणारे १६३४० सेल एकाच मापाचे असतात. त्यांची सरमिसळ कधीच करू नये.

वेष्टनाकडेही लक्ष हवं. सेलचं संपूर्ण पत्र्याचं अंग ऋण असतं, फक्त वरची टोपी धन. दोघांमध्ये अंतर एक-दोन मिलिमीटरचं. वरच्या कडेपाशी प्लॅस्टिकचं वेष्टन फाटलं, तर धातूच्या नळीत शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. नवं वेष्टन आणि धन टोकाभोवतीची चकती काही रुपयांत मिळते. ती चढवेपर्यंत सेल वापरू नये.

भरणं, जपणं, टाकणं

चार्जर ४.२० व्होल्टवर नेमका थांबणारा हवा, ४.२५च्या पुढे जाणारा चार्जर फेकून द्यावा. भरलेला सेल काढल्या काढल्या मल्टिमीटरवर मोजला की चार्जरची परीक्षा होते. ३००० साठ्याच्या सेलला एक ते दीड अँपिअरचा वेग योग्य. लेझर चालवून गरम झालेला सेल थेट चार्जरवर लावू नये. बहुतेक सेल शून्य ते पंचेचाळीस अंश सेल्सिअसच्या दरम्यानच भरायचे असतात. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी, किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत, सेल भरूही नये आणि ठेवूही नये. शून्याखाली भरला, तर आत धातुरूप लिथियमचा थर जमतो. हिमालयात जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. चार्जर लाकडी कपाटात किंवा गादीवर न ठेवता फरशीवर, डोळ्यांसमोर ठेवावा.

महिनाभर वापर नसेल तर सेल निम्मा भरलेला, ३.६ ते ३.८ व्होल्टवर, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा. कोकणातल्या पावसाळ्यात डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी, नाहीतर टोकांवर गंज धरतो. लेझरमधून सेल काढून ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. अर्ध्या वॉटच्या वरचे लेझर सुरक्षेच्या वर्गवारीत चौथ्या वर्गात मोडतात. त्यांचा भिंतीवरून परतलेला ठिपकाही डोळ्याला इजा करू शकतो. सेल कुलपात आणि नळी दुसरीकडे असली, की मुलांच्या हाती खेळणं लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझर झोतांनी डोळ्यांच्या पडद्याला इजा झाल्याच्या तक्रारी महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. हातातल्या लेझरची ताकद कमी समजू नये.

विमानात सुटे सेल फक्त हातातल्या सामानात, टोकं झाकून न्यावेत. फुगलेला, गळणारा, खाली पडून चेपलेला किंवा साठा निम्म्यावर आलेला सेल निवृत्त करावा. टोकांवर चिकटपट्टी लावून तो ई-कचरा संकलनात द्यावा. घंटागाडीत टाकलेला सेल कचरा दाबताना चिरडला की गाडीतच पेटतो. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. सेलने पेट घेतलाच, तर भरपूर पाण्याने तो थंड करावा आणि धूर हुंगू नये.

निवड थोडक्यात

लेझरला किती अँपिअर लागतात ते आधी मोजा. त्याच्या दुप्पट प्रवाह देणारा, बसेल त्या लांबीचा, संरक्षित आणि खऱ्या कारखान्याचा सेल घ्या. वजन करा, भरून-रिकामा करून साठा तपासा, आणि शंका आली तर परत करा. विकणाऱ्याला सेलचा मूळ कारखाना आणि मॉडेल सांगता येत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तो सेल घेऊ नका.